रंगांची पेटी कुलपात, आणि प्रश्न यूसीडच्या रँकचा

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला, जेईईच्या इंटिग्रेटेड बॅचला, हॉस्टेलवर. टेस्टमध्ये फिजिक्स आणि मॅथ्सला मार्क पडत नाहीयेत. दहावीचा निकाल लागल्यावर "आता चित्रं बास" म्हणून तुम्ही तिची रंगांची पेटी आणि सगळी स्केचबुकं कपाटात टाकून कुलूप लावलंत. आता कुणीतरी सांगितलं की आयआयटीत डिझाइन पण असतं, त्याला जेईई लागत नाही, आणि पोरीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहेच. म्हणून तीन प्रश्न: यूसीडला, म्हणजे त्या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला, किती रँक लागते, क्लास कुठला लावू, आणि एकदा आत गेली की कॉम्प्युटरला ब्रांच बदलून मिळेल का.

तिसरा प्रश्न वाचला आणि मार्कांचं सगळं मी बाजूला ठेवलं. दादा, तुम्हाला डिझाइन नकोच आहे, तुम्हाला फक्त आयआयटीचं दार हवंय. बीडेसला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, प्रवेश घ्यायचा आणि मग इंजिनीअरिंगच्या बीटेकला वळायचं, हे डोक्यातून आजच काढा, त्या आशेवर चार वर्षांचा कोर्स निवडायचा नसतो.

पण मला खरं कपाटाबद्दल बोलायचंय. एवढ्या लांब पत्रात पोरीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला काय काढायला आवडतं, माणसं काढते का झाडं, रंगात काम करते का नुसत्या पेन्सिलीत, काहीच नाही. एकच गोष्ट सापडली, ती पण तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत: रेक्टरचा फोन आला की मुलगी केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानांवर रूममेट्सची चित्रं काढत बसते. म्हणजे तुम्ही रंग काढून घेतले, घरापासून लांब ठेवलं, सकाळ ते रात्र लेक्चर आणि टेस्ट, आणि तरी ती बॉलपेनने झोपलेल्या मैत्रिणी काढतेय. तुम्हाला यात लक्ष नसणं दिसलं, मला या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी ती वाटली. ती पानं कुणी फाडली नसतील अशी मनापासून आशा करते.

आणि दहावीनंतर जे "बास" होतं तेच आता "क्लास लाव, रँक काढ" झालं, तर तिला काय वाटेल याचा विचार करा ना. सोळा वर्षांच्या मुलीला एवढं नक्की कळतं की बाबांना माझं चित्र तेव्हाच चालतं जेव्हा त्यातून आयआयटी मिळते. मी अशी मुलं बघितलीयत, आवडीची गोष्ट परीक्षेला जुंपली की तिच्यावरच राग धरतात, मग ते पण सुटतं आणि हे पण सुटतं.

तुम्ही वाईट बाप आहात असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. फीसाठी काढलेलं कर्ज तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि भावाच्या मुलाच्या आयआयटीवर मात्र अख्खा पॅरेग्राफ लिहिलात, त्यावरून तुमच्यावर कसलं ओझं आहे ते मला दिसतंय. पण ते ओझं तुमचं आहे, ते तिच्या दप्तरात घालू नका.

परीक्षांचं पटकन सांगते. यूसीड आयआयटी मुंबई घेते, बारावी कुठल्याही शाखेतून चालते, काही भाग कॉम्प्युटरवर आणि काही हाताने काढायचा. एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेची डॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, राज्याची सीईटी, आणि मुंबईचं जेजे हे कलेचं कॉलेज २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय म्हणून तिथली माहिती त्यांच्याच साइटवर बघा. रँकचा आकडा मी देणार नाही, तो दरवर्षी बदलतो आणि आत्ता त्याची गरजच नाही.

आता तो गैरसमज, जो तुमचा एकट्याचा नाही, मला अर्ध्या पालकांकडून येतो: "चित्रकला छान आहे, म्हणजे डिझाइन जमेल, आणि आयआयटीतलं डिझाइन म्हणजे चित्रकलाच, फक्त नोकरीवाली." असं नसतं हो. चित्रकार स्वतःला पडलेल्या प्रश्नाच्या मागे जातो, डिझायनरला प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि उत्तर पण दुसऱ्याला वापरता यायला लागतं. आपल्या रुपयाचं चिन्ह घ्या, २०१० साली स्वीकारलं गेलं, ते केलं डी. उदय कुमार यांनी, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, शिकलेले. त्यात देवनागरी र आहे आणि रोमन आर पण आहे, दिसायला दोन आडव्या रेघा आणि एक वळण. पण विचार करा, ते किराणावाल्याला हाताने झटकन लिहिता यायला हवं, आकड्याशेजारी नीट बसायला हवं, छापताना, स्क्रीनवर, बारीक केलं तरी ओळखू यायला हवं. शेडिंग किती सुंदर येतं याचा इथे काही संबंध नाही. डिझाइन शिकणारी मुलं वर्कशॉपमध्ये लाकूड कापतात, मातीचे नि थर्माकोलचे मॉडेल करतात, वापरणाऱ्या माणसांच्या मागे फिरून त्यांना काय अडतंय ते लिहून काढतात, केलेलं मोडून पुन्हा करतात. काही मुलींना हे इतकं आवडतं की वेळेचं भान राहत नाही, आणि काहींना वाटतं की मला नुसतं चित्र काढायचं होतं, हे काय चाललंय. तुमची मुलगी यातली कुठली, मला माहीत नाही, आणि पत्रावरून वाटतं तुम्हालाही नाही.

आणि इंजिनीअरिंगच्या संस्थेत डिझाइन म्हणजे काहीतरी मागचा दरवाजा, हे पण चुकीचं आहे. आयडीसी १९६९ सालची आहे, आयआयटी मुंबई सुरू झाल्यावर अकरा वर्षांत. ती उभी करणारे सुधाकर नाडकर्णी जेजेत शिकले, मग जर्मनीत उल्मच्या डिझाइन स्कूलमध्ये, पुढे गुवाहाटी आयआयटीतला डिझाइन विभागही त्यांनीच सुरू केला. आर. के. जोशी पण जेजेचे, सुलेखनकार, त्यांनी आयडीसीत वर्षानुवर्षं शिकवलं, आणि तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी ज्या मंगल फॉन्टमध्ये उमटत आलं तो त्यांच्या हातचा. म्हणजे कला आणि तंत्रज्ञान एकाच टेबलावर बसतात तिथे असं काम होतं. तिथे जाऊन नजर कायम शेजारच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटवर ठेवणारं मूल दुःखी होतं, आणि ज्याला खरंच यायचं होतं त्याची एक सीट जाते.

तिला पेंटिंगच करायचं असेल, माणसं समोर बसवून तासन् तास रंगवायची असतील, तर आयआयटी तिच्यासाठी नाही हे स्पष्ट सांगते, तिने जेजे, बडोदा, शांतिनिकेतन इथली कलेची कॉलेजं बघावीत. त्यात पैशाचं काय म्हणाल तर खोटं नाही बोलणार, पहिली काही वर्षं ओढाताणीची असतात, बरेच जण शिकवण्या करत, इलस्ट्रेशनची कामं घेत स्वतःचं काम चालू ठेवतात. डिझाइनमध्ये नोकरीचे रस्ते जास्त आहेत, ॲप, प्रॉडक्ट, पॅकेजिंग, ॲनिमेशन, अक्षरं. पण रस्ते जास्त म्हणून तिला तिकडे ढकलायचं असेल तर जेईईत आणि यात फरक काय राहिला?

तर आत्ता क्लास कुठलाच लावू नका. शाखा पण घाईघाईत बदलू नका, सायन्समध्ये राहून हे सगळे रस्ते उघडे आहेत. इंटिग्रेटेड बॅच चालू ठेवायची का हे मात्र तिला विचारून ठरवा, आणि विचारताना उत्तर आधीच ठरवून जाऊ नका, भरलेली फी तर मध्ये आणूच नका. नुसती बारावी नीट करायची असं ती म्हणाली तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

येत्या रविवारी भेटायला जाल तेव्हा ती पेटी आणि स्केचबुकं घेऊन जा. ट्यूब वाळल्या असतील, नवीन घ्या. यूसीडचं नाव त्या दिवशी काढू नका. मागच्या पानावरची चित्रं दाखवते का विचारा, दाखवली तर बघा, कोण कोण आहे त्यात ते विचारा, आणि चांगलंय म्हणायची पण घाई नको, बघत बसा थोडा वेळ. नाही दाखवली तर त्या दिवशी आग्रह नको, इतके दिवस कुलूप होतं, तिला पण वेळ लागेल.

आणि तिला स्वतःला मला काही लिहायचं असेल तर लिहू दे. तुम्ही आधी वाचून पाठवायची गरज नाही.