ओल्या कचऱ्यावरच्या ऊर्जाप्रकल्पांना सरकारी पैसा मिळतो, तरी ते बंद का पडतात?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. अनुदान घेऊन थाटात सुरू झालेले, सेंद्रिय कचऱ्यापासून गॅस किंवा वीज करणारे ‘नावीन्यपूर्ण’ प्रकल्प दोन-तीन वर्षांत गप्प का होतात, हा पहिला. आणि तुम्ही तिघं मिळून असाच एक प्रकल्प मांडताय, तर अर्जात काय लिहावं, हा दुसरा. मी काही वर्षं असा प्रकल्प चालवला आणि नंतर असेच प्रस्ताव तपासणाऱ्या एका समितीत बसलो. दोन्हीकडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय: पैसा टाकी बांधायला मिळतो, ती चालवायला मिळत नाही. बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

मी सांभाळलेल्या प्रकल्पात उद्घाटनाची फीत कापली आणि महिन्याभरात अनुदानाचा शेवटचा हप्ता जमा झाला. कागदोपत्री काम पूर्ण. सहाव्या महिन्यात टाकीतली ढवळणी अडकली. झाकण काढून पाहिलं तर दांड्याला पिशव्या, सुतळी, केस यांची मांडीएवढी जाड वेणी पडली होती आणि तळाला हातभर वाळू साचली होती. त्या वाळूत आम्हाला सतरा चमचे सापडले. टाकी रिकामी करा, साफ करा, पुन्हा विरजण घाला, हळूहळू माल वाढवत न्या, यात अडीच महिने गेले. तेवढ्या काळात कचरा आणणाऱ्या गाड्यांना दुसरी जागा सापडली आणि त्या परत यायला आणखी चार महिने लागले. प्रकल्प अहवालात ‘देखभाल’ या नावाखाली एक ओळ होती. प्लास्टिक वेगळं काढणारं यंत्र मात्र ‘खर्च कमी करा’ म्हटल्यावर आम्ही आमच्याच हाताने खोडलं होतं.

टाकीच्या आत काय चालतं हे ठाऊक असेल तर हे सगळं आधीच दिसतं. हवा बंद केली की सूक्ष्मजीवांच्या टोळ्या पाळीपाळीने कामाला लागतात. काही मोठे रेणू फोडतात, काही त्यांची आम्लं करतात आणि शेवटचे त्यातून मिथेन, म्हणजे जळणारा वायू, बनवतात. आम्लं करणारे चपळ असतात, मिथेनवाले अगदी सावकाश. सुट्टीत साचलेला दोन-तीन दिवसांचा माल एखाद्याने सोमवारी एका दमात ढकलला की आम्लं साठत जातात, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेसहाच्या खाली उतरतो आणि टाकी आंबते. गंमत म्हणजे मीटरवर गॅस दिसतच राहतो. तो पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच भरलेला असतो. आमचा एक कामगार मीटरकडे बघायचाच नाही. रोज सकाळी बर्नर पेटवून ज्योत बघायचा. ती पिवळट होऊन फडफडायला लागली की म्हणायचा, ‘आज उपास’, आणि त्या दिवशी टाकीला काही घालायचं नाही. असा माणूस टिकवायला पगार लागतो, आणि भांडवली अनुदानात पगार बसत नाही.

आता थोडा हिशोब, कारण अनेक अर्ज इथेच कोसळतात. चांगल्या वेगळ्या केलेल्या एक टन अन्नकचऱ्यातून ढोबळमानाने 100 ते 120 घनमीटर बायोगॅस मिळतो. त्यात 60 टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो. एका घनमीटर बायोगॅसमध्ये सुमारे 6 किलोवॉट-तास (म्हणजे युनिट) ऊर्जा असते, पण इंजिनातून वीज करायची म्हटलं तर त्यातली 35 ते 40 टक्केच हाती लागते. म्हणजे टनामागे दोनशे-अडीचशे युनिट. गुरांच्या पातळ शेणाचं तर टनाला 20-25 घनमीटरवरच भागतं, त्यात पाणीच जास्त. आणि ज्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो ती गोष्ट: एक टन आत घातला की 850 ते 900 किलो पुन्हा बाहेर येतं, ती स्लरी. पातळ, वासाचं, पण खत म्हणून चांगलं. ते कोण नेणार, कुठल्या हंगामात नेणार, पावसाळ्यात कुठे साठवणार? गॅस विकण्यापेक्षा हे अवघड आहे. मी तपासलेल्या प्रस्तावांत स्लरीवर सरासरी अर्धं पान असायचं आणि डिझाइनच्या रंगीत चित्रांवर वीस.

मग या धंद्यात सरकारने पैसा घालावाच का? माझ्या मते घालावा. अशा प्रकल्पातून चार कामं होतात: ऊर्जा मिळते, कचऱ्याची विल्हेवाट लागते, कचराडेपोत सुटणारा मिथेन टळतो आणि मातीला खत मिळतं. यातल्या पहिल्यालाच धड बाजारभाव आहे. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबात 80 पटींच्या आसपास. तो टळला याचा फायदा सगळ्यांना होतो, पण त्याचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं? म्हणून सार्वजनिक तिजोरी. दुसरं कारण नव्या तंत्राचं. प्रयोगशाळेत बादलीभर चाललेली गोष्ट शंभर टनांवर चालेल का, ही जोखीम बँक घेत नाही. पायलट (छोटा चाचणी-प्रकल्प) आणि पूर्ण प्रकल्प यांच्यामधल्या त्या दरीतच बरेच जण गडप होतात.

अर्थात तिथे पैसा ओतला की पूल बांधला जातोच असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सोपर्टनला रेंज फ्युएल्स नावाच्या कंपनीने लाकडाच्या टाकाऊ मालापासून इथेनॉल करायचं ठरवलं. ऊर्जा खात्याने 7.6 कोटी डॉलरपर्यंतचं अनुदान मंजूर केलं, कृषी खात्याने 8 कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. 2011 मध्ये कारखाना बंद पडला आणि ज्या इथेनॉलसाठी हे सगळं केलं ते कधी नीट बाजारात आलंच नाही. पायलटवरून थेट मोठ्या आकारावर उडी मारली की असं होऊ शकतं.

बांधायला पैसा देण्याऐवजी तयार झालेल्या ऊर्जेवर पैसा द्यावा, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. त्याचेही दोन जुने धडे आहेत. जर्मनीने 2000 च्या कायद्याने विजेला वीस वर्षांचा ठरलेला दर दिला आणि 2004 मध्ये ऊर्जापिकांवर (खास गॅससाठी पिकवलेल्या पिकांवर) जादा बोनस ठेवला. कचऱ्याची कटकट नको, मका सरळ येतो, गॅसही भरपूर, म्हणून शेतकऱ्यांनी टाक्यांसाठी मका पेरला. मैलोन्‌मैल मकाच मका दिसायला लागल्यावर ओरड झाली. 2012 मध्ये नव्या प्रकल्पांत मक्याला 60 टक्क्यांची मर्यादा घातली, 2014 मध्ये नव्यांचा बोनसच काढला आणि उभारणी जवळपास थांबली. दुसरा धडा उत्तर आयर्लंडचा, तोही कचऱ्याचा नाही, लाकडी पेलेटचा, म्हणजे जाळायच्या दाबलेल्या गोळ्यांचा. 2012 मध्ये तिथे जैवइंधनाच्या उष्णतेवर अनुदान सुरू झालं. ब्रिटनच्या मूळ योजनेत ठराविक वापरानंतर दर कमी होत होता. उत्तर आयर्लंडने योजना उचलली, पण ती पायरी गाळली. इंधनाच्या खर्चापेक्षा अनुदान जास्त, म्हणजे जितकं जाळाल तितका नफा. लोकांनी त्याला ‘राखेतून रोकड’ म्हटलं. जानेवारी 2017 मध्ये उपप्रथममंत्र्यांनी राजीनामा दिला आणि तिथलं सरकार तीन वर्षं ठप्प झालं. बॉयलरच्या अनुदानातली एक गाळलेली पायरी!

मला आवडतं ते डेन्मार्कचं. तिथे 1980 च्या दशकात अनेक शेतकऱ्यांचं शेण एकत्र आणणारे सामायिक प्रकल्प निघाले. पहिल्या काहींची दशा आमच्यासारखीच झाली: गळत्या, अडकलेले पंप, कमी गॅस. सरकारने भांडवली मदत दिली, पण त्याबरोबर पाठपुराव्याचा कार्यक्रम चालवला. कुठे काय बिघडलं, कुठल्या मालातून किती गॅस आला याच्या नोंदी ठेवायच्या आणि प्रकल्प चालवणाऱ्यांनी आपसात बोलायचं. एकाची चूक दुसऱ्याने करायची नाही, इतकं साधं. अन्नउद्योगातला थोडा टाकाऊ माल शेणात मिसळला की गॅस कसा वाढतो, हे त्यांना अशाच अनुभवातून उमगत गेलं. आणखी एक गोष्ट वरवर असंबद्ध वाटते. पाणी प्रदूषित होऊ नये म्हणून 1987 च्या आराखड्यात शेतकऱ्यांना कित्येक महिन्यांचं शेण साठवण्याची सोय करणं भाग पडलं. सामायिक प्रकल्पात ती साठवण मिळत होती, म्हणून शेतकरी स्वतःहून आले. कच्चा माल आणि स्लरी, दोन्ही डोकेदुख्या एका वेगळ्याच नियमाने हलक्या केल्या. 2023 मध्ये तिथल्या गॅसजाळ्यातल्या वापराच्या सुमारे 40 टक्के इतका बायोमिथेन (शुद्ध केलेला बायोगॅस) तयार होत होता. तिथवर पोचायला चाळीस वर्षं लागली. अनुदान योजनेची मुदत मात्र अनेकदा मोजक्याच वर्षांची असते.

हप्ते कसे पाडावेत, यावर युरोपीय संघानेही ठेच खाल्ली आहे. नव्या ऊर्जातंत्रांसाठीच्या त्यांच्या आधीच्या एनईआर 300 योजनेत बहुतांश पैसा प्रकल्प सुरू झाल्यावर मिळायचा, त्यामुळे कित्येकांना उभारणीसाठी पैसाच जमला नाही आणि ते मागे हटले. आताच्या इनोव्हेशन फंडात अनुदानाच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम ठरलेले टप्पे गाठल्यावर आधीच मिळू शकते आणि उरलेली प्रकल्प चालू झाल्यावर, किती उत्सर्जन खरंच टळलं त्याच्या हिशोबाशी बांधलेली असते. मला विचाराल तर लहान प्रकल्पांसाठीही असंच काहीसं हवं. निम्मं बांधायला, निम्मं चालवायला.

आता तुमचा अर्ज. पहिल्या पानावर तंत्रज्ञान लिहू नका, कचरा लिहा. कुठून येणार, रोज किती, वेगळा केलेला की मिसळलेला, वर्षभर सारखाच की हंगामी, आणि देणाऱ्याशी किती वर्षांचा लेखी करार. ‘उपलब्धता मुबलक आहे’ या वाक्याला समितीत कुणी गुण देत नाही. उलट, आज फुकट मिळणारा कचरा तुमचा प्रकल्प चालायला लागला की देणारा विकत द्यायला लागेल, हे धरून चाला. तुमच्याच मालाचे नमुने घेऊन मिथेन क्षमतेची बाटलीतली चाचणी करून घ्या. महिनाभर लागतो, खर्च प्रकल्पाच्या मानाने काहीच नाही. पुस्तकातला आकडा टाकलेला अर्ज आणि स्वतःच्या कचऱ्याचा आकडा टाकलेला अर्ज यांतला फरक तपासणाऱ्याला लगेच कळतो.

नावीन्य नेमकं कुठे आहे ते एका वाक्यात सांगा आणि बाकी सगळं मुद्दाम जुनंपुराणं ठेवा. नवी टाकी, नवे जिवाणू आणि नवं शुद्धीकरण असं तिन्ही एकदम मांडणारे मी पाहिलेत. काही बिघडलं तर दोष कुठे आहे हे शोधायलाच वर्ष जातं. नावीन्य टाकीत असलंच पाहिजे असंही नाही. कचरा वेगळा करण्याची पद्धत, स्लरीचं पाणी काढून वाहतूक स्वस्त करणं, टाकी आंबण्याआधी इशारा देणारं स्वस्त मोजमाप, या गोष्टींना पैसा मागायला लोक लाजतात का, कळत नाही. मी समितीत असताना असे अर्ज आले की आम्ही ताठ होऊन बसायचो.

गळतीचाही उल्लेख करा, कुणी विचारलं नसलं तरी. झाकणातून आणि उघड्या स्लरीकुंडातून काही टक्के मिथेन निसटला तरी हवामानाच्या नावाने मागितलेल्या पैशाला भोक पडतं. आणि अंदाजपत्रकात पहिल्या दोन वर्षांचा चालवण्याचा खर्च वेगळा दाखवा, त्यात एकदा टाकी पूर्ण रिकामी करण्याचा खर्चही धरा. योजनेत तो बसत नसेल तर तो कुठून आणणार ते लिहा. फीत कापल्यानंतरच्या सहाव्या महिन्याचा विचार केलाय, हे त्यावरून दिसतं.

तुमच्या प्रश्नात कचरा बाजारातला, उपाहारगृहांतला की घराघरातला, हे आलेलं नाही. तेवढं आणि रोजचे अंदाजे टन लिहिलेत तर टाकी केवढी लागेल आणि गॅस विकावा की वीज करावी, यावर पुढे लिहितो.