“नस फाटली, मग स्टेंट का बसवला नाही?”

हृदयरोग विभागात समुपदेशन करताना औषधी फुग्याने उपचार झालेल्या रुग्णांच्या घरच्यांकडून हा प्रश्न वारंवार येतो, आणि तो बहुधा डिस्चार्ज कार्ड घरी नीट वाचल्यावर येतो. साठीतले, मधुमेह असलेले एक निवृत्त एसटी वाहक असेच मुलाला घेऊन आले होते. जिना चढताना त्यांची छाती भरून येत असे. तपासणीत हृदयाच्या धमनीच्या सव्वादोन मिलिमीटर रुंदीच्या एका फांदीत अडथळा सापडला आणि स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) न बसवता त्यावर औषध लावलेल्या फुग्याने उपचार करण्यात आला. कार्डावरील ‘डिसेक्शन, टाइप बी’ (डिसेक्शन म्हणजे धमनीच्या आतल्या थराला पडलेली चीर) या नोंदीखाली मुलाने लाल पेनने रेघ मारली होती. “मॅडम, नस फाटली आणि तशीच सोडून दिली, असंच ना?” वडिलांनी भर घातली, “फुगा फुगवला तेव्हा कळ आली होती, तेव्हाच फाटली असणार.”

“काका, ती कळ फाटण्याची नव्हती,” असे सांगून मी आधी तेवढा मुद्दा बाजूला काढला. औषधी फुगा साधारण अर्धा ते एक मिनिट फुगवून ठेवतात. तेवढा वेळ पुढचा रक्तप्रवाह थांबतो, म्हणून छातीत दुखू शकते आणि फुगा उतरवला की बहुतेकदा ते शमते.

नोंदीचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागले. औषधी फुगा धमनीच्या भिंतीत औषध सोडण्यासाठी असतो, अडथळा उघडण्यासाठी नसतोच. ते काम आधीच्या साध्या, धमनीच्या रुंदीला साजेशा फुग्याचे असते. अडथळा चिवट असेल तर बारीक पाती किंवा तारा असलेला फुगा वापरतात, आणि कॅल्शियम फार साचले असेल तर ते घासून किंवा ध्वनिलहरींनी तडकवून मोकळे करावे लागते. जुन्या भिंतीवर गिलावा धरावा म्हणून गवंडी ती आधी खरवडून घेतो, तसेच हे आहे: आतल्या थराला बारीक चिरा पडल्याशिवाय धमनी पुरेशी रुंदावत नाही आणि औषधही भिंतीत नीट मुरत नाही. थोडी चीर ही या तयारीचाच भाग आहे.

प्रश्न असतो तो चीर कोणत्या प्रकारची आहे याचा. ए आणि बी या सौम्य प्रकारांत रक्त पूर्ववत वाहते आणि अशा बहुतेक चिरा काही महिन्यांत भरून येतात. चित्रात धमनी दिसावी म्हणून सोडलेले द्रव्य, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वाहून गेल्यावरही धमनीच्या पोकळीबाहेर रेंगाळताना दिसला, तर तो सी प्रकार. तिथपासून पुढे, किंवा प्रवाह मंदावला तर, सहसा स्टेंटच बसवतात. म्हणून साध्या फुग्यानंतर डॉक्टर घाई न करता पुन्हा चित्र घेतात. अरुंदपणा तीस टक्क्यांपेक्षा जास्त उरलेला नाही, प्रवाह पूर्ण आहे आणि चीर सौम्य आहे, एवढे जमले तरच औषधी फुगा आत जातो. काकांच्या कार्डावर या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या. मुलाची नजर फक्त एका शब्दावर अडली होती, आणि त्यात त्याचा दोष नाही. संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास स्टेंट’ असे का लिहितात, हे सही घेतानाच समजावले गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाचा पुढचा प्रश्न रास्त होता: “स्टेंटइतकाच भरवसा आहे का?” बासेलच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ७५८ रुग्णांच्या चाचणीत तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद धमन्यांत वर्षभराने औषधी फुगा स्टेंटपेक्षा कमी ठरला नाही, मात्र त्या चाचणीत साध्या फुग्याने तयारी यशस्वी झालेल्यांनाच घेतले होते. उलट, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील मोठ्या चाचणीत लहान-मोठ्या सर्व आकारांच्या धमन्या होत्या, आणि तिथे फुगा स्टेंटच्या बरोबरीला आला नाही. रुंद धमनीसाठी फुग्याचाच हट्ट धरू नये, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले.

उरल्या गोळ्या. झटका न आलेल्या, स्थिर आजारात फक्त फुग्याचा उपचार झाला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा महिनाभर आणि पुढे एक चालू ठेवतात. झटक्यानंतर ही मुदत बरीच लांबते. काकांना दुसरी गोळी कधी बंद करायची ते कार्डावर लिहिलेले होते, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी थांबवायची नाही, आणि बसल्या जागी छातीत दुखून घाम फुटला तर आमच्या फोनची वाट न पाहता थेट १०८ ला फोन करायचा, एवढे मुलाने त्याच लाल पेनने कार्डाच्या मागे लिहून घेतले.