पेनल्टी कॉर्नर मोजत जा, भो

हॉकी इंडिया लीगचे संघ तोलायला बसलास, लई बरं वाटलं. आपल्या भुसावळ-जळगावकडे जो तो क्रिकेटचंच बोलतो. पण लिलावाच्या आकड्याला भुलू नकोस. 2024 च्या लिलावात हरमनप्रीत सिंग 78 लाखांना सूरमा हॉकी क्लब या संघाकडे गेला, सगळ्यांत महाग. करंडक मात्र बंगाल टायगर्सनी नेला. अंतिम सामन्यात हैदराबाद तूफान्सवर 4-3, त्यातले तीन गोल बंगालच्या एकट्या जुगराज सिंगचे, आणि तो पेनल्टी कॉर्नरवर मारणारा गडी.

म्हणून आधी पेनल्टी कॉर्नर बघ, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीवर समोरच्याला मिळणारी गोलाची ठरावीक संधी. ड्रॅग-फ्लिक, म्हणजे चेंडू काठीने ओढत गोलात फेकायचा फटका, तो मारणारा कोण, एवढ्यावर थांबू नको. गोलाच्या बाजूच्या मागच्या रेषेवरून चेंडू ढकलणारा कोण, सर्कलबाहेर (गोलासमोरच्या अर्धगोलाबाहेर) तो फ्लिकसाठी अडवणारा कोण, हेही लिहून ठेव. अडवताना चेंडू वीतभर उडाला की ती फ्लिक वायाच गेली. बचाव करणाऱ्यांतला गोलाकडून पहिला धावून येणारा किती झटकन सुटतो, तेही बघ. मी वहीत दोनच रकाने आखतो: कॉर्नर मिळाले किती, गोल झाले किती. दहा सामन्यांत संघाचा खरा जोर कळतो.

परदेशी नावं नंतर. आणि गोलकीपर बदलला असेल, तर गेल्या हंगामात संघाने किती गोल खाल्ले यावरून यंदाचा अंदाज बांधू नकोस.