कूलंट जातं कुठं?

प्रश्न : गाडी पंधरा वर्षं जुनी. जालन्याहून अंबडला जाऊन आलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) उतरलेलं असतं, पण खाली थेंबही दिसत नाही. गळती कशी शोधू?

उत्तर : दादा, तापलेल्या इंजिनावर थेंब जागीच वाळतो, मागे पांढरट-हिरवट डाग राहतो. होजच्या (रबरी नळ्यांच्या) क्लिपा आणि वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र टॉर्चच्या उजेडात बघा. मग इंजिन पूर्ण थंड असताना गॅरेजात प्रेशर टेस्टर (दाब देऊन गळती तपासणारा पंप) लावून घ्या, दाब कूलंटच्या झाकणावर लिहिलाय तेवढाच. टेस्टरचा काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं? पुढच्या सीटसमोरचा गालिचा चाचपा. ओला, चिकट लागला तर हीटरची जाळी (गरम कूलंट फिरतं ती) फुटलीय. तोही कोरडा असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) तपासाच, कूलंट तिथून इंजिनात जात असेल. आणि कळकळीनं सांगतो, बोअरचं पाणी ओतू नका! आपल्याकडच्या क्षारानं रेडिएटर आतून चोंदतो.