करारातला ‘बॉटम’

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मसुदा वाचला. ‘इंडियन बॉटम्स’चं तू ‘भारतीय तळ’ केलंयस. चाकणचा माल जहाजाने पाठवायच्या करारात नौदल घुसलेलं पाहून हसू आलं. पण शब्दच फसवा आहे. गोदीत बॉटम म्हणजे जहाजाची पाण्याखालची बाजू. सुक्या गोदीत शेवाळ आणि कालवं खरवडून तिची तपासणी होते, पाच वर्षांत निदान दोनदा.

करारात मात्र बॉटम म्हणजे अख्खं जहाज. आधी ‘इंडियन’ लागलं की भारतात नोंदलेलं, मग ते बांधलं कोरियात का असेना. म्हणून ‘मालक कोण’ एवढ्यावर थांबू नकोस, नोंदणीचा दाखला माग. कधी बंदरात गेलास तर जहाजाची पिछाडी बघ, नावाखाली नोंदणीचं बंदर रंगवलेलं असतं. आणि ज्या देशात नोंदणी, त्याच देशाचा ध्वज जहाजावर.

५ एप्रिल १९१९ ला सिंदिया या भारतीय जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा भारताचा स्वतंत्र ध्वजच नव्हता. अभिमान होता तो मालकीचा. कंपनी उभारणाऱ्यांत वालचंद हिराचंद होते, ज्यांच्या नावाने आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे ते. आज विचारतात ध्वज.

याच शब्दातून ‘बॉटमरी’ आलं. व्यवहारात ते आता दिसत नाही, पण मला फार आवडतं. परक्या बंदरात जहाज मोडलं, खिशात दमडी नाही, मालकाला पत्र पोचायला महिने लागणार. अशा वेळी कप्तान जहाजच गहाण टाकून दुरुस्तीला पैसे उचलायचा. जहाज सुखरूप पोचलं तर भरमसाट व्याजासकट फेड. बुडालं तर कर्जही बुडालं! व्याज का जबर, ते इथेच कळतं: सावकार समुद्राचा धोका अंगावर घेत होता. आणि कर्जं दोन-तीन झाली तर सगळ्यात शेवटी देणाऱ्याचे पैसे आधी फेडायचे. जमिनीवरच्या गहाणाच्या नेमकं उलट. पण शेवटच्या पैशावरच जहाज पुढे निघालं, त्यामुळे आधीच्यांच्या तारणाला काही किंमत उरली. मालकाशी तारेने बोलता येऊ लागलं आणि ही पद्धत मागे पडली.

तुझ्या मसुद्यात ‘भारतीय ध्वजाची जहाजे’ असं लिही. इंग्रजी प्रतीत ‘बॉटम्स’ राहू दे, पण व्याख्यांच्या कलमात नोंदणीचा देश स्पष्ट घाल आणि ऐनवेळी दुसरं जहाज लावलं तर त्यालाही तीच अट लागेल, हे विसरू नकोस. सुधारलेली प्रत सहीला जाण्याआधी मला दाखव.

तुझा,
काका