डोकेदुखीच्या रुग्णाला व्यक्तिमत्त्व चाचणी कशासाठी?

प्रश्न : सहा वर्षांपासून महिन्यातले वीसेक दिवस माझे डोके दुखते. एमआरआयमध्ये काही निघाले नाही. आता मेंदूविकारतज्ज्ञांनी ५६७ विधानांची व्यक्तिमत्त्व चाचणी द्यायला सांगितले आहे. माझे दुखणे खोटे ठरवण्यासाठी तर हे नाही ना? दुखण्याबद्दलची उत्तरे सौम्य करून लिहावीत का?

उत्तर : दुखणे खरे की खोटे हे ही चाचणी सांगू शकत नाही, आणि कोणी तिच्या आधारे तसे सांगत असेल तर ते चूक आहे.

आपल्याला दिलेली चाचणी वर्णनावरून एमएमपीआय (मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी) या व्यक्तिमत्त्व चाचणीची दुसरी आवृत्ती असावी. मूळ चाचणी हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४० च्या सुमारास तयार केली. तिच्यासाठी ‘सामान्य’ माणसे म्हणून मुख्यतः रुग्णालयात नातेवाइकांना भेटायला आलेले लोक घेतले होते, आणि त्यांच्यापैकी जे स्वतः डॉक्टरांचे उपचार घेत होते त्यांना वगळले होते. म्हणजे आजारी माणसाची तुलना निरोगी माणसांशी होत होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तुलनेचा गट नव्याने निवडला गेला, तरी शारीरिक तक्रारी मोजणाऱ्या पट्ट्या (म्हणजे एकेक गोष्ट मोजणारे विधानांचे गट) जवळजवळ तशाच राहिल्या. त्यांतली कित्येक विधाने वेदना, थकवा, झोप यांविषयीच आहेत. त्यामुळे रोज डोके दुखणाऱ्याने खरे उत्तर दिले, की गुण आपोआप वाढतात. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्यांत शारीरिक तक्रारींशी संबंधित पहिली आणि तिसरी पट्टी उंच व मधली, म्हणजे दुसरी, नैराश्याची त्या मानाने खाली, असा इंग्रजी ‘व्ही’सारखा आलेख अनेकदा दिसतो. पूर्वी त्यावरून ‘मनातले दुःख शरीरातून बोलते आहे’ असा निष्कर्ष सर्रास काढला जाई. मला तो अन्यायकारक वाटतो, कारण वर्षानुवर्षांची वेदनाच माणसाला खचवते, शरीराकडे सतत लक्ष द्यायला लावते.

तरीही चाचणी जरूर द्यावी. नैराश्य किंवा चिंता सोबत असेल तर डोकेदुखीवरचे उपचार अपुरे पडतात, आणि ती वेळीच कळली तर औषधाची निवड, समुपदेशन, शिथिलीकरणाचे प्रशिक्षण यांची दिशा ठरते. उत्तरे मात्र सौम्य करू नका. त्रास लपवणारी उत्तरे ओळखण्यासाठी चाचणीत स्वतंत्र पट्ट्या असतात, आणि त्या वाढल्या तर सगळाच अहवाल संशयास्पद ठरतो.

अहवाल हाती आल्यावर मानसशास्त्रज्ञांना विचारा, की कोणती पट्टी वाढली आणि ती कोणत्या प्रकारच्या विधानांमुळे वाढली.