चौघी मैत्रिणी आणि बंद दार

प्रिय मावशी,

माझी मुलगी येत्या 24 जानेवारी 2026 ला 12 वर्षांची होईल. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि ही एकुलती एक. आजवर तिचे सगळे वाढदिवस दणक्यात केले. गेल्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये 40 मुलं होती, जादूगार होता, फुग्यांची कमान होती. केक कापून झाला आणि ही पाऊण तास बाथरूममध्ये जाऊन बसली. पोटात दुखतंय म्हणाली. या वर्षी विचारलं तर म्हणते, "मला काही नको. फक्त चौघी मैत्रिणी, आणि माझ्या खोलीचं दार बंद. आणि आई, तू फोटो टाकू नकोस." नवरा म्हणतो, मॉलमधल्या गेम झोनमध्ये पार्टी देऊ, वर्गातल्या सगळ्यांच्या तिथेच होतात. सासूबाई म्हणतात, त्या शनिवारी हळदीकुंकवाला बायका येणारच आहेत, त्यातच केक कापू. सोसायटीतल्या ज्यांच्या घरी ही इतकी वर्षं जेवून आली, त्यांच्या मुलांना बोलवायचं नाही म्हणजे मी तोंड कसं दाखवू? आणि खरं सांगते, "दार बंद" ऐकल्यावर मला रडूच आलं. माझी लेक माझ्यापासून लांब चालली आहे का?

— एक आई, कोथरूड

बाळ,

तुझी शेवटची ओळ आधी घेते, कारण तीच तुला झोपू देत नाहीये. नाही, लेक लांब चाललेली नाही. लांब जाणारी मुलगी "मला काही नको" एवढंच म्हणून गप्प बसली असती. तुझ्या लेकीने तुला आकडा सांगितला, जागा सांगितली, फोटोचं सांगितलं. एवढं सगळं तिने तुझ्यापाशी येऊन मागितलंय. आणि त्या पाऊण तासाबद्दल म्हणशील, तर पोटदुखी खोटी होती असं मी म्हणणार नाही. 40 माणसं आपल्याकडे बघत असताना अकरा वर्षांच्या मुलीच्या पोटात खरंच गोळा येतो. फुगलेल्या फ्रॉकमध्ये उभं राहून टाळ्या घ्यायला सहाव्या वर्षी मजा वाटते. बाराव्या वर्षी अंग बदलत असतं, चेहऱ्यावर एक पुटकुळी आली तरी आरशासमोर अर्धा तास जातो, आणि अशा वेळी मोबाइल वर धरून उभ्या राहिलेल्या काका-मावश्या नकोशा होतात.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. 1994 साली माझ्या लेकीला बारावं लागलं, तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहत होतो. मी सगळा वाडा बोलावला. बटाटेवडे, वेफर्स, खोबऱ्याच्या वड्या, घरी केलेला केक. शेजारच्या वाड्यातल्या एकीला मात्र बोलावलं नाही, कारण तिच्या आईशी नळावरून माझं वाजलं होतं. नेमकी तीच लेकीची जिवाची मैत्रीण होती, आणि ते मला माहीत होतं. केक कापताना, गाणं म्हणताना, दाराची कडी वाजली की लेक मान वळवून बघायची. सगळे गेल्यावर तिने दोन वड्या वहीच्या कागदात बांधल्या आणि कंपासपेटीतलं सामान काढून तिथे ठेवल्या, सोमवारी शाळेत न्यायला. मला एक शब्द बोलली नाही. वाडा भरून माणसं आली होती, पण तिचं माणूस आलं नव्हतं. म्हणून तुला कळकळीने सांगते: या वेळी कुणाला बोलवायचं ते तिला ठरवू दे. पूर्णपणे. त्यात तुझं एकही नाव घालू नकोस आणि तिने लिहिलेलं एकही नाव खोडू नकोस.

आता सासूबाई. त्यांना बाजूला सारून हे होणार नाही आणि होऊही नये. पंचांग उघड. लेक 24 जानेवारी 2014 ची ना? म्हणजे तिथीने पौष वद्य अष्टमीच्या आसपासची. यंदा ती तिथी 10-11 जानेवारीच्या सुमारास येते, तारखेच्या जवळजवळ दोन आठवडे आधी. तो वाढदिवस आजीचा. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, सुपारी-अंगठी ओवाळणं, गोडाचा शिरा, आत्या-काका जे यायचे ते. नातीला ओवाळायचा आजीचा हक्क आहे, आणि घरच्या माणसांत ओवाळून घ्यायला बहुतेक मुली कुरकुरत नाहीत. (तिथी आणि तारीख साधारण 19 वर्षांनी पुन्हा जुळतात. एकोणिसाव्या वर्षी दोन्ही वाढदिवस एकत्र करता येतील, हे आजीला सांग, त्यांना आवडेल.) आणि हळदीकुंकू शनिवारी कशाला? रविवारी 25 तारखेला रथसप्तमी आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू तोपर्यंत चालतं आणि रविवारी नोकरी करणाऱ्या बायकांनाही यायला सोपं. शनिवार मोकळा कर. वाण लुटायला आलेल्या तीस बायकांच्या मध्ये केक कापायला लावलास, तर ती पुन्हा बाथरूममध्येच जाईल.

सोसायटीतल्या मुलांचा प्रश्न संक्रांतीनेच सोडवलाय. तिळगुळाचा डबा घेऊन तिला घरोघरी जाऊ दे. वाटलं तर प्रत्येकाला एक चॉकलेटही. कुणी विचारलंच, "या वर्षी पार्टी नाही का गं?" तर तू हसून सांगायचंस, "या वर्षी तिने छोटासा ठरवलाय." एवढं पुरतं. लांबलचक कारणं दिलीस की लोकांना राग यायला जागा मिळते. आणि आमंत्रण वर्गात द्यायचं नाही, वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर तर नाहीच. चौघींच्या आयांना तू स्वतः फोन कर.

गेम झोनबद्दल नवऱ्याची हौस मला समजते, पैसे वाचवावेत असंही मी म्हणत नाही. पण तसल्या पार्ट्या वर्गातल्या बाकीच्यांच्या. तिथे आवाज एवढा असतो की पाच जणींना एकमेकींशी बोलताही येत नाही, आणि तुझ्या लेकीला बोलायचंच आहे. नवऱ्याला म्हणावं, जे खर्च करणार होतास त्यातले 3000 रुपये तिच्या हातात दे आणि हिशेब तिला लिहू दे. केक किती, खाणं किती, बाकी काय, तिचं ती ठरवेल. पाचशेचा केक की हजाराचा, यावर ती किती विचार करते ते बघच.

आता त्या दिवशी करायचं काय, तर माझ्या मनातला शनिवार सांगते. तिला पटला तर. नाही पटला तर तिचाच खरा.

आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी तुम्ही दोघी मेट्रोने जा. वनाज किंवा आनंदनगरला बसा, सिव्हिल कोर्टला गाडी बदला, जमिनीखालच्या मार्गाने मंडईला उतरा. तुळशीबागेत क्लिपा आणि कानातली, मग चालत रविवार पेठेत बोहरी आळीला. तिथे मणी सुटे मिळतात: काचेचे, लाकडी, अक्षरं लिहिलेले पांढरे. इलॅस्टिकचा दोरा घ्या. शनिवारी पाचही जणींनी एकमेकींसाठी ब्रेसलेट ओवायचं, स्वतःसाठी नाही. गाठ मारली की तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडायचा, म्हणजे सुटत नाही. रिटर्न गिफ्टचा प्रश्नही तिथेच मिटला. मणी निवडताना ती तुला विचारेल, "आई, हा निळा की तो?" त्या संध्याकाळी ती फक्त तुझी आहे. वाढदिवसातला तुझा वाटा तो. येताना मस्तानी प्या, थंडी असली तरी.

पार्टीच्या दिवशीच पाच मुलींना तुळशीबागेत नेऊ नकोस. शनिवारी संध्याकाळी तिथे मुंगीला जागा नसते.

खाणं त्यांनाच करू दे. तव्यावरचा पिझ्झा सगळ्यांत बरा. बेस आणून ठेव, भाज्या चिरून ठेव, चीज किसून ठेव आणि स्वयंपाकघरातून बाहेर पड. मंद आच आणि वर झाकण, एवढंच आधी सांग. ओटा खराब होईल. दुसऱ्या दिवशी पुसता येतो.

आणि अंधार पडला की गच्ची. हे मात्र मी आग्रहाने सुचवते, कारण असा योग पहिल्यांदा बाराव्या वाढदिवसालाच येतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ 12 वर्षं लागतात. आपला सिंहस्थ कुंभमेळा त्यावरच तर चालतो. 2014 च्या जानेवारीत तुझी लेक जन्मली तेव्हा गुरू मिथुन राशीत होता, आणि या जानेवारीत तो पुन्हा तिथेच आलाय, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ. म्हणजे तिच्या जन्मापासून गुरूची एक फेरी पुरी झाली. मी भविष्य सांगत नाहीये, डोळ्यांनी दिसणारं सांगतेय. आठच्या सुमाराला पूर्वेला तोंड करून उभं राहा. मृग नक्षत्र आणि त्याखालचा लखलखता व्याधाचा तारा ओळखू येतात, त्यांच्या डावीकडे, त्या भागात सगळ्यांत तेजस्वी, न लुकलुकणारा ठिपका म्हणजे गुरू. साधी द्विनेत्री दुर्बीण असली तरी कठड्यावर कोपर टेकवून, हात स्थिर ठेवून बघा. ठिपक्याच्या बाजूला एका रेषेत बारीक कण दिसतील. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने ते पहिल्यांदा पाहिले तेही जानेवारीतच, 1610 साली. पश्चिमेला त्या दिवशी चंद्रकोरही आहे, तिच्यावरचे खड्डे मुलींना फार आवडतील. टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासूनची. आकाशाची आवड असलेली माणसं तिथे भेटतात. लेकीला गोडी लागली तर नंतर तिथे घेऊन जा.

तिला आकाशात रस नसेल तर रविवारी पहाटे वेताळ टेकडी, किंवा शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय. तिथले दिवे आणि अडकित्ते बघताना मुली हरखतात. सिंहगडाचं मात्र पाच मुलींना घेऊन सुट्टीच्या दिवशी नाव काढू नकोस, घाटातच अर्धा दिवस जाईल.

रात्री राहणार असतील, आणि त्या तसं मागतीलच, तर चौघींच्या आयांना आधी स्पष्ट सांग: घरात कोण कोण असेल, मुली कुठे झोपतील, सकाळी किती वाजता न्यायला यायचं. एखादी आई नाही म्हणाली तर तिची मनधरणी करू नकोस. त्या मुलीला दहा वाजता तू स्वतः घरी सोड. बाथरूममध्ये सॅनिटरी पॅडचं पाकीट सहज दिसेल असं ठेव आणि मुली आल्या आल्या एकदा सांगून टाक, "इथे आहे, लागलं तर घ्या." या वयात कुणाची पाळी सुरू झालेली असते, कुणाची नसते, आणि दुसऱ्याच्या घरी मागायची लाज वाटते. मोबाइलचं काय करायचं ते पाचही जणींना मिळून ठरवू दे. त्या स्वतःहून टोपलीत ठेवतील, नाहीतर अकरापर्यंत वापरू म्हणतील. त्यांनीच केलेला नियम त्या जास्त पाळतात.

फोटोचं मी तिच्या बाजूने आहे. गेल्या वर्षी तू जे टाकलेस ते तिला न विचारता टाकलेस ना? तिला एकदा "चुकलंच माझं" म्हण. खरंच म्हण, वरवर नाही. यंदा एक फोटो, तिने निवडलेला, बाकीच्या चौघींनाही चालणारा. तोच आजीला, तोच मामाला. ती "एकही नको" म्हणाली, तर एकही नको.

आणि ते दार. बंद असू दे. खाणं द्यायला गेलीस तर टकटक कर आणि "या" म्हणेपर्यंत थांब. आतून खिदळणं ऐकू येईल, मग अचानक शांतता, मग पुन्हा खिदळणं. त्या शांततेत तुझ्याविषयी काही बोलणं चाललंय असं तुला वाटेल. तसं काही नसतं. आत वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव निघालेलं असतं.

गच्चीवर जाताना शाली आणि एक सतरंजी बरोबर दे. जानेवारीत पुण्याची गच्ची आठनंतर चांगलीच गार पडते आणि मुली स्वेटर घालायला तयार नसतात. दुर्बीण लावून दिलीस की तू खाली ये. तिने वरून हाक मारली तर जा.

तुझी,
मावशी